फॉर्म ४ मध्ये नसलेली माहिती

घरातल्या रद्दीत एखाद्या जुन्या वर्षाचा मार्चच्या सुरुवातीचा अंक सापडला तर आतल्या पानावर एक चौकट शोधून बघा. वर 'फॉर्म ४ (नियम ८ पाहा)' असं लिहिलेलं असेल. खाली मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं, राष्ट्रीयत्व, पत्ते आणि सर्वात शेवटी मालकांची नावं. भांडवलात एक टक्क्याहून जास्त वाटा असलेल्या प्रत्येक भागीदाराचं नाव द्यावं लागे. १९५६ च्या केंद्रीय नियमांतली ही तरतूद. मुंबईतल्या मोठ्या दैनिकाला जी चौकट, तीच वसईतून निघणाऱ्या चार पानी साप्ताहिकाला. (आता १८६७ चा मूळ कायदाच गेला, मार्च २०२४ पासून नवा आला.) आपण वाचतोय ते पत्र कोणाचं, हे वाचकाला माहीत असावं एवढाच साधा हेतू.

त्या चौकटीत एक रकाना कधीच नव्हता. बातमी लिहिणाऱ्याला गेल्या महिन्याचे पैसे मिळाले का?

हे सगळं डोक्यात आलं ते भाच्यामुळे. तो एका वर्तमानपत्रासाठी आमच्या भागातल्या बातम्या देतो. पत्राचं नाव सांगत नाही, त्याला अजून तिथेच काम करायचंय. सांडोर, पापडी, भुईगाव करत अर्नाळ्यापर्यंत त्याची मोटारसायकल फिरते. गळ्यात ओळखपत्र आहे, नेमणूकपत्र नाही. मानधन ठरलं होतं, तीन महिने आलं, मग बंद झालं. विचारलं की तालुक्याचं कार्यालय मुंबईकडे बोट दाखवतं आणि मुंबईचं जाहिरात विभागाकडे. एक रस्ता मात्र कायम उघडा. जाहिरात आण, कमिशन घे! त्यामुळे इथल्या एका नेत्याचा वाढदिवस जवळ आला की गंमत होते. सकाळी त्या नेत्याच्या विभागातल्या तुंबलेल्या गटाराचा फोटो काढायचा आणि दुपारी त्याच्याच कार्यालयात वाढदिवस पुरवणीच्या अर्ध्या पानासाठी ताटकळत बसायचं. गटाराची बातमी कुठे जाते ते तुम्हीच ओळखा.

पैशांचं मी समजू शकतो. मला खुपलं ते वेगळंच. मी विचारलं, "बातमी लागली नाही तर का लागली नाही हे तुला कोण सांगतं?"

"कोण सांगणार मामा? सकाळी अंक बघायचा. असली तर असली."

मंडळी, माझा आक्षेप आहे तो या 'असली तर असली'ला. गावात कोणाचं बांधकाम बेकायदा, रस्त्याचं टेंडर कोणाला आणि का, याची उत्तरं मागत फिरणारा मुलगा स्वतःच्या कार्यालयात एक साधा प्रश्न विचारू शकत नाही. आणि हळूहळू तो बाहेरही विचारायचा थांबतो. भाचा अजून तिथवर पोचलेला नाही, पण पोचलेले चार-पाच जण मला माहीत आहेत.

आता मालकांची बाजू. कागद महाग, छपाई महाग, २०२० च्या टाळेबंदीत अंक घरोघरी जायचे बंद झाले, आणि मधल्या काळात ज्यांची मोबाइलवर फुकट वाचायची सवय जडली ते सगळे काही परतले नाहीत. छोट्या पत्राच्या मालकाकडे खरंच पैसे नसतात, हे मी नाकारत नाही. पण नाहीत तर नाहीत म्हणावं ना! मी ऐन उमेदीत काही वर्षं मुंबईतल्या एका दैनिकात मुद्रितशोधन केलं. आमची आवृत्ती बंद होणार हे आम्हाला संपादकांनी सांगितलं नाही, ते कळलं कँटीनवाल्याकडून. पुढच्या महिन्यापासून संध्याकाळचा चहा निम्माच आणायचा, असा निरोप त्याला वरून आला होता. त्यानंतरचे पंधरा दिवस कोणी धड प्रूफ वाचलं नाही. जो तो दुसऱ्याचा चेहरा वाचत होता. पगार उशिरा झाल्याने इतकी माणसं खचलेली मी पाहिली नव्हती.

मजिठिया आयोगाचंच घ्या. त्याची वेतनश्रेणी नोव्हेंबर २०११ पासून लागू, सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१४ ला तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. मग '२०-जे' नावाच्या कलमाचा आधार घेऊन देशभरात अनेक ठिकाणी कर्मचाऱ्यांकडून लिहून घेतलं गेलं की आम्हाला जुनाच पगार बरा. १९ जून २०१७ ला न्यायालयाने सांगितलं की अशा कागदाच्या जोरावर आयोगाने ठरवलेल्याहून कमी पगार देता येणार नाही. स्वतःच्या पगाराची गोष्ट, पण सही करताना तिचा अर्थ किती जणांना कोणी समजावून दिला असेल?

यावर कडी म्हणजे खुद्द प्रेस कौन्सिल. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं की तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत शब्दशः एकच आला होता. पैसे घेऊन बातम्या छापण्याच्या प्रकारांवर कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने २०१० मध्ये ७१ पानांचा अहवाल दिला, पत्रांची नावं घेऊन. कौन्सिलने आधी त्याची छोटी, नावं गाळलेली आवृत्ती काढली. पूर्ण अहवाल बाहेर यायला २०११ साल आणि केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. वर्तमानपत्रांविषयीचा अहवाल माहितीच्या अधिकाराने खेचून काढावा लागतो! असो.

आता आमच्या सांडोरला जरा जवळचा विषय. १७ मार्च २०१६ ला 'लोकसत्ता'त मदर तेरेसांवर 'असंतांचे संत' हा अग्रलेख आला. सेंट थॉमस चर्चच्या आवारात त्याचं काय स्वागत झालं असेल ते सांगायला नको. मलाही तो आवडला नव्हता, अजूनही आवडत नाही. दुसऱ्या दिवशी पत्राने दिलगिरी व्यक्त करून अग्रलेखच मागे घेतला. आमच्यातल्या पुष्कळांना बरं वाटलं, मला वाटलं नाही. त्यातलं कोणतं विधान चुकीचं होतं, की सगळंच? मागे घ्यायचं कोणी ठरवलं? वाचक म्हणून मला यातलं काही कळलं नाही. आणि मला काळजी वाटली ती त्या रात्री पान लावणाऱ्या उपसंपादकाची. संपादकाचा अग्रलेख एका दिवसात नाहीसा होतो, तर आपल्या दोन कॉलमी बातमीची काय कथा, असं त्याला वाटलं नसेल का? २००३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या जेसन ब्लेअर नावाच्या बातमीदाराच्या बातम्या बनावट निघाल्या. त्यांनी स्वतःची लक्तरं स्वतःच्या पहिल्या पानावर वाळत घातली, कोणती बातमी कुठे खोटी याच्या तपशिलासकट. मग कर्मचाऱ्यांची सभा घेतली आणि तिथे लोकांनी संपादकांना तोंडावर सुनावलं. जूनमध्ये संपादक हॉवेल रेन्स पायउतार झाले. लाज गेली म्हणा हवं तर, पण काय झालं ते शिपायापासून वाचकापर्यंत सगळ्यांना समजलं.

वसईच्या छोट्या पत्राकडून मी थिएटरात सभा मागत नाही. महिन्यातून एकदा, चहा निम्मा का होईना, सगळ्यांना बसवून मालकाने सांगावं की जाहिरातीचे इतके आले, तुमचे इतके थकलेत, अमुक तारखेपर्यंत देतो किंवा देऊ शकत नाही. बातमी थांबवली तर 'थांबवली, या कारणाने' असा एक फोन बातमीदाराला जावा. याला काय खर्च येतो? दिवाळीला मिठाईचा डबा देण्यापेक्षा कमीच.

त्या नेत्याचा वाढदिवस पुढच्या आठवड्यात आहे आणि भाच्याला तीन पानांचं टार्गेट आहे. तेव्हा सांडोरच्या आपल्या माणसांना एक सांगणं. शुभेच्छांच्या जाहिरातीसाठी तो दुकानात आला तर जाहिरात द्या नाहीतर देऊ नका, ते तुमचं तुम्ही बघा. पण तो बसला की त्या गटाराच्या बातमीचं काय झालं ते विचारा. आणि त्याला उत्तर माहीत नसेल, तर त्याच्या संपादकांना फोन लावून विचारा. नंबर अंकातच छापलेला असतो.