सर्दीचा कान आणि मालवणचा समुद्र

दिवाळीची सुट्टी संपली की समुद्रात बुडी मारून आलेले कानाचे रुग्ण नामपुरात येतील, असे पूर्वी कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. आपल्याकडे पाणी म्हणजे मोसम नदी, नाहीतर विहीर. पण आता चाळीतला कांदा विकून चार पैसे हाती आले की तरुण मंडळी गाडी काढून मालवण-तारकर्ली गाठतात आणि पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रतळाशी फोटो काढून येतात. हौसेला माझी हरकत नाही. हरकत आहे ती चोंदलेल्या नाकाने उतरण्याला.

असाच एक तरुण माझ्याकडे आला. निघण्याच्या चार दिवस आधी त्याला फ्लू झाला होता. ताप उतरला, नाक चोंदलेलेच राहिले. पैसे आगाऊ भरलेले, मित्र सगळे उतरणार. मेडिकलमधून सर्दीची गोळी घेतली आणि हाही उतरला. दीड-दोन पुरुष पाण्यात कान ठणकू लागला, तरी त्याने कळ सोसली. वर आला तेव्हा एक कान बंद आणि रुमालाला रक्त. पडद्याला छिद्र पडले होते.

कानाच्या पडद्यामागे हवेची पोकळी असते आणि तिला नाकाच्या मागच्या भागाशी जोडणारी बारीक नळी. सप्तशृंगीगडाचा घाट उतरताना आवंढा गिळला की कान मोकळा होतो, तो या नळीमुळे. समुद्रात हाच प्रकार फार झपाट्याने घडतो. अवघे 10 मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो, हवेचे आकारमान निम्मे. म्हणून नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचे असते. सर्दीत नळी सुजून मिटलेली असते. हवा जात नाही आणि पडदा आत ओढला जातो. जोर करून फुंकले तर आतला कान दुखावून कायमचा बहिरेपणाही येऊ शकतो.

गोळीचा भरवसा तर मुळीच नको. तिचा अंमल पाण्यातच उतरला तर वर येताना फुगणारी हवा कानात कोंडते. आणि छातीत कफ असेल तर गोष्ट जिवावरची. कफामागे अडकलेली हवा वर येताना फुगून फुप्फुस फाटू शकते.

मग किती दिवस थांबायचे? लोक आकडा मागतात, मी देत नाही. औषध बंद करूनही नाक मोकळे हवे, नाक धरून हळूच फुंकल्यावर दोन्ही कान सहज सुटायला हवेत, खोकला पूर्ण गेलेला हवा आणि दोन जिने चढून धाप लागता कामा नये. फ्लूनंतर छातीत धडधड किंवा दुखणे असेल तर आधी डॉक्टर, मग समुद्र.

माझ्या मते खरी गोम आगाऊ पैशांत आहे. पैसे बुडतील म्हणून माणूस सर्दी लपवतो. बोटवाल्यांनी कागदावर नुसती सही न घेता ‘नाक मोकळे आहे का’ असे तोंडाने विचारावे आणि सर्दी असलेल्याला पैसे परत द्यावेत किंवा दुसरी तारीख. त्यांचा धंदा यात बुडणार नाही.

त्या तरुणाचे छिद्र दोन महिन्यांत भरले. यंदा मालेगावच्या कानाच्या डॉक्टरांनी त्याला परवानगीही दिली होती, पण निघायच्या आदल्या दिवशी शिंका सुरू झाल्या. तो गेला, सिंधुदुर्ग किल्ला पाहिला, मासे खाल्ले आणि मित्र बुडी मारत असताना बोटीत बसून सगळ्यांचे मोबाइल सांभाळले.