आधीं रेघ, मग रंग

शाळेच्या प्रदर्शनाचे दिवस जवळ आले म्हणजे पालकांचे दोन प्रश्न आमच्या कानीं येतात. पहिला असा कीं, "आमच्या मुलाचें चित्र भिंतीवर लागणार ना?" दुसरा थोड्या नाराजीनें विचारला जातो: "सर, संगणकाच्या तासाला मुलें नुसतीं वर्तुळें, चौकोन आणि त्रिकोण काय काढीत बसतात? शेजारच्या मुलानें फोनवर चार शब्द लिहिले आणि अख्खा राजवाडा उभा केला!" पहिल्याचें उत्तर भिंतीवरील जागेवर अवलंबून आहे. दुसऱ्याचें मात्र सविस्तर दिलें पाहिजे, कारण त्यांत मुलांचें हित गुंतलेलें आहे. आमचें मत असें कीं, ज्या मुलास साधी आकृति नीट काढतां व भरतां येत नाहीं, त्याच्या हातीं आयता राजवाडा देण्यांत त्याचें कल्याण नाहीं.

गेल्या पावसाळ्यांतील एक प्रसंग सांगतों. सातवीच्या एका विद्यार्थिनीनें संगणकाच्या पडद्यावर घर काढलें होतें. भिंत चौकोनी, छप्पर त्रिकोणी, बाजूस एक झाड. सारें काम माऊस धरून मोकळ्या हातानें केलेलें. मग तिनें रंगाच्या बादलीची खूण निवडली, तांबडा रंग घेतला आणि छपराच्या आंत टिचकी मारली. क्षणार्धांत छप्पर, आकाश, अंगण सारें तांबडें झालें! पोर रडकुंडीस आली. "यंत्र बिघडलें," असें ती म्हणाली, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसहि तसेंच वाटलें. आम्हीं तिला पुन्हां प्रयत्न करावयास सांगितलें, पुन्हां तेंच. शेवटीं चित्र आठपट मोठें करून पाहिलें, तेव्हां छपराची एक रेघ दुसरीस मिळालीच नव्हती असें आढळलें. फट इतकी बारीक कीं साध्या डोळ्यांस दिसूं नये. यंत्र निर्दोष होतें. घाई तिची होती, आणि तपासून न पाहतां पुन्हां करावयास सांगण्याची चूक आमची होती.

असें कां होतें, हें समजून घेण्यासारखें आहे. पडद्यावरील चित्र म्हणजे बारीक चौकटींची जाळी असून प्रत्येक चौकटीस आपापला रंग असतो. आपण जेथें टिचकी मारतों त्या चौकटीपासून यंत्र आरंभ करतें. शेजारची चौकट पहिलीच्याच मूळ रंगाची असली तर तिलाहि रंगवितें, मग तिच्या शेजारचीस. आणि निराळ्या रंगाची रेघ आडवी येईपर्यंत हा क्रम थांबत नाहीं. मुरबाड-शहापूरकडील भाताचें खाचर ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस अधिक सांगणें नको. बांधाला खेकड्यानें एक भोंक पाडलें कीं पाणी रातोरात खालच्या खाचरांत उतरतें. पाण्याला दोष देऊन काय उपयोग? बांध पाहिला पाहिजे.

म्हणून नवशिक्यांस आम्हीं एक क्रम घालून दिला आहे. गिंप नांवाची चित्रप्रणाली विनामूल्य मिळते. अमेरिकेंतील बर्कली येथील विद्यापीठांत शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोघां विद्यार्थ्यांनीं ती रचिली व १९९६ सालीं ती लोकांपुढें आली, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी. तींत वर्तुळ काढावयाचें तर लंबवर्तुळाकार निवडीचें साधन घ्यावें, माऊस ओढावयास आरंभ करावा आणि ओढतांना शिफ्टची कळ दाबून धरावी. म्हणजे लंबगोल न होतां शुद्ध वर्तुळ होतें. सोडतांना माऊस आधीं सोडावा, कळ मागाहून. चौरसासाठीं आयताचें साधन व तीच कळ. त्रिकोणासाठीं मुक्त निवडीच्या साधनानें तीन बिंदूंवर टिचक्या मारून चौथी पुन्हां पहिल्या बिंदूवर मारावी. निवडलेल्या भागाभोंवतीं तुटक रेघ मुंग्यांच्या रांगेसारखी चालूं लागली म्हणजे कुंपण पुरें झालें असें समजावें; मग रंग निवडून बादली ओतावी. रंग कुंपणाबाहेर जात नाहीं. शेवटीं निवड सोडून देण्यास विसरूं नये. नाहीं तर पुढची रेघ बाहेर उमटतच नाहीं, आणि मूल पुन्हां यंत्रालाच बोल लावतें. प्रत्येक आकृति वेगळ्या थरावर काढली तर एक चुकली म्हणून सारें चित्र पुसावें लागत नाहीं. पेंट नांवाच्या साध्या प्रणालींत आकृत्या तयारच मिळतात. तेथेंहि वर्तुळ व चौरस यांसाठीं शिफ्टची कळ तेंच काम करते.

तीन आकृत्यांत काय होणार, असें म्हणणाऱ्यांनीं आमच्या जुन्या ठाणें जिल्ह्याकडे पाहावें. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा निराळा झाला. त्यापूर्वीं डहाणू, तलासरी, जव्हार हा सारा वारली मुलूख ठाणें जिल्ह्यांतच मोडत असे. वारली घराच्या सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगानें जें चित्र निघतें, त्याचा सारा डोलारा वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन यांवर उभा असतो. टोकाशीं जुळलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचें धड, वर एक वर्तुळ म्हणजे डोकें, दोन-चार रेघा म्हणजे हातपाय. लग्नाच्या वेळीं जो चौक लिहितात तो चौकोनी, आणि त्याच्या मध्यें पालघट देवी. डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनीं भिंतीवरची ही कला कागदावर व कापडावर आणून देशोदेशीं पोंचविली, आणि २०११ सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मश्री देऊन गौरविलें. एवढा मान मिळाला तो या तीन आकृत्यांच्या बळावर!

याच चित्रांवरून आमच्या वर्गास दुसरा धडा मिळाला. तारपा नाचाचें चित्र काढावयास सांगितलें असतां एका हुशार विद्यार्थ्यानें एक नाचणारा नीट काढला आणि त्याच्या वीस नकला करून गोल मांडल्या. काम पांच मिनिटांत झालें. पण पाहणाऱ्यास नाच दिसेना, पोलिसांची कवाईत दिसली. वारली चित्रांतील माणसें अशीं नसतात. कुणी पुढें झुकलेला, कुणाचा पाय उचललेला. आम्हीं त्यास सांगितलें कीं, नक्कल कर, परंतु प्रत्येक त्रिकोण थोडा निराळा कलव. अर्धा तास लागला, आणि नाच सुरू झाला. चित्राखालीं "वारली चित्रपद्धतीवरून" असेंहि त्यास लिहावयास लावलें; कारण दुसऱ्याची कला घेऊन तिचें नांव गाळणें सभ्यपणाचें नव्हे.

कुणी म्हणेल, "कळ दाबली कीं शुद्ध वर्तुळ मिळतें, मग मुलांचा हात कधीं तयार होणार?" हा आक्षेप आम्ही मान्य करतों. म्हणूनच कागद-पेन्सिलीस आम्हीं रजा दिलेली नाहीं. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांस बसणारांस हातच लागतो. आणि हाताचा क्रमहि हाच आहे. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेच्या दिवशीं डोंबिवलीच्या फडके रोडवर जाऊन पाहावें: आधीं ठिपके, मग रेघ, आणि रेघ जुळल्यावरच रंग. आमच्या आज्या दारापुढें जें करीत आल्या, तेंच आज पडद्यावर करावयाचें आहे.

राहिला तो चार शब्दांचा राजवाडा. तो दिसावयास सुंदर असतो हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्यांतील खिडकी तेथेंच कां, असें विचारलें तर मुलास सांगतां येत नाहीं. उलट आपल्या हातचें वर्तुळ वांकडें झालें तर तें कां झालें हें त्यास ठाऊक असतें. आणि जें ठाऊक आहे तें सुधारतां येतें. शिक्षण म्हणावयाचें तें यालाच.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, मूल घरीं आलें म्हणजे "काय काढलेंस?" एवढेंच न विचारतां "कसें काढलेंस?" असें विचारावें. आणि विद्यार्थ्यांनो, रंग सांडला तर यंत्रावर रागावूं नका. चित्र मोठें करा आणि फट शोधा.

त्या मुलीनें तेंच केलें. तिचें घर यंदाच्या प्रदर्शनांत लागलें आहे. झाड किंचित वांकडें आहे. परंतु छप्पर तांबडें आहे, आणि आकाश निळें.