राक्षस कोण होणार?

गोष्ट ही एकट्याने लिहायची असते, असे आपण सर्वजण गृहीत धरून चालतो. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एकच नाव असते. परीक्षेत ‘लेखकाचा परिचय’ विचारतात, ‘लेखकांचा’ नव्हे. आणि आपल्या या वार्षिकातही प्रत्येक कथेखाली एकाच विद्यार्थ्याचे नाव व वर्ग छापला जातो. त्यामुळे पाचसहा जणांनी मिळून एक गोष्ट रचायची म्हटले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू उमटते. त्यातून ती गोष्ट अद्भुत, म्हणजे राजे, राक्षस, मंत्र आणि बोलणारे पशुपक्षी यांची असेल, तर ‘पोरखेळ’ हा शिक्का तयारच असतो. माझे मत याच्या नेमके उलट आहे. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने आवर्जून करावे असे हे काम आहे. आणि त्यातील सर्वांत मोलाचा भाग गोष्ट लिहिण्याचा नसून ती लिहिण्याआधी एकत्र बसून ठरवण्याचा आहे.

हा प्रकार काय आहे ते आधी सांगितले पाहिजे. काही मित्र मिळून एक काल्पनिक प्रदेश ठरवतात. त्यातील एकेक पात्र एकेकजण आपल्याकडे घेतो आणि फक्त त्या पात्रापुरतेच लिहितो. एकाने लिहिलेल्याला दुसरा आपल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतो. एकजण सूत्रधार होतो. पाऊस पाडणे, पूल कोसळवणे आणि ज्यांना कोणी वाली नाही अशी किरकोळ पात्रे चालवणे हे त्याचे काम. इंग्रजीत याला रोलप्ले म्हणतात. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला आणि या प्रकाराला नियमांचे पुस्तक मिळाले. आमच्या वर्गातील सहा जणांनी यंदा अशी एक गोष्ट लिहायला घेतली. कोणी पालघरचा, कोणी बोईसरचा, कोणी तारापूरच्या किनाऱ्याकडची, तर कोणी थेट मोखाड्याहून येथे शिकायला आलेला. एकच दोनशे पानी वही सर्वांत फिरते. बोईसरहून गाडी सुटली की उमरोळी मागे पडेपर्यंत एखादा परिच्छेद सहज होतो!

‘हे परदेशी खूळ आहे’ असा आक्षेप आमच्या कानी आला. हा आक्षेप घेणाऱ्यांना मराठी कादंबरीचा इतिहास आठवावा अशी माझी नम्र विनंती आहे. 1861 सालची लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आणि 1868 सालची नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ या अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या वाटेनेच आपली कादंबरी चालायला शिकली. वास्तवाचा आग्रह पुढे आला, आणि तो यायलाच हवा होता. परंतु अद्भुत हे काही आपल्या घरात बाहेरून शिरलेले नाही.

राहिला प्रश्न अनेकांनी मिळून गोष्ट रचण्याचा. आमच्यातील एकाचे मूळ गाव कुडाळकडचे. वडील बोईसरच्या कारखान्यात नोकरीला म्हणून कुटुंब इकडे आले. त्याने सिंधुदुर्गातील दशावताराचे उदाहरण पुढे ठेवले, आणि आम्हा सर्वांचे डोळे उघडले. दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. त्या रात्रीचे आख्यान कोणते, कोणत्या प्रवेशानंतर कोणता प्रवेश येणार, कोण कोणती भूमिका करणार, एवढे रंगण्याआधी ठरते. संवाद मात्र नटाने उभ्याउभ्या स्वतःच्या बुद्धीने बोलायचे. समोरचा काय बोलेल हे ठाऊक नसते; त्याचे ऐकूनच उत्तर द्यावे लागते. अमेरिकेतील त्या नियमांच्या पुस्तकाने जे सांगितले, ते आपल्याकडील नट पेटाऱ्याशेजारी बसून रंग लावता लावता कितीतरी पिढ्या करीत आले आहेत.

यातून योजनेचे पहिले तत्त्व हाती लागते. काय ठरवायचे आणि काय मोकळे ठेवायचे, हे आधी ठरवा. सर्वच ठरवले तर लिहिणाऱ्याला लिहिण्यासारखे काही उरत नाही. तो नुसता लेखनिक होतो. काहीच ठरवले नाही तर तिसऱ्या पानावर एकजण विमान आणतो, चौथ्या पानावर दुसरा ते पाडतो, आणि पाचव्या पानापासून वही कोणीच उघडत नाही. आम्ही ठरवले ते असे: या प्रदेशात मंत्र चालतो, पण प्रत्येक मंत्राला किंमत आहे, जो मंत्र घालील त्याची एक आठवण कायमची जाईल. असे बंधन नसेल तर प्रत्येक संकटावर मंत्र हाच उतारा होतो आणि गोष्टीतला जीव जातो. शेवट कोणता ते ठरवले नाही. मात्र परीक्षेपूर्वी शेवट करायचा, हे ठरवले.

1931 साली इंग्लंडमधील ‘डिटेक्शन क्लब’च्या लेखकांनी ‘द फ्लोटिंग ॲडमिरल’ ही रहस्यकथा मिळून लिहिली. डोरोथी सेयर्स, अगाथा ख्रिस्ती, चेस्टरटन असे नामवंत त्यात होते. एकाने एक प्रकरण लिहून पुढच्याच्या हाती द्यायचे. त्यांनी स्वतःवर घातलेली बंधने पाहण्यासारखी आहेत. आधीच्या लेखकाने घातलेले प्रत्येक कोडे पुढच्याने विचारात घेतलेच पाहिजे; ‘ते मला आवडले नाही’ म्हणून सोडून देता येणार नाही. आणि केवळ पुढच्याची फजिती व्हावी म्हणून गुंता वाढवायचा नाही. गुंता घालणाऱ्याच्या मनात त्याची स्वतःची उकल असलीच पाहिजे. आपल्या सभा आणि मंडळे या दोन नियमांवर चालली असती तर किती कामे मार्गी लागली असती, असे वाटल्यावाचून राहत नाही.

तिसरी गोष्ट सत्तेची. इंग्रजीच्या वर्गात आपण ब्राँटे भगिनींचा अभ्यास करतो. 1826 साली त्यांच्या वडिलांनी भाऊ ब्रॅनवेल याच्यासाठी लाकडी शिपायांचा संच आणला. चौघा भावंडांनी त्यातील एकेक शिपाई आपला म्हणून घेतला, त्यांना नावे दिली आणि त्यांच्याभोवती एक अख्खे राज्य उभे केले. युद्धात मेलेल्यांना पुन्हा जिवंत करण्याचे सामर्थ्यही त्यांनी आपल्याकडे ठेवले होते! पण पुढे काय झाले? शार्लट आणि ब्रॅनवेल या मोठ्यांचे ‘अँग्रिया’ झाले, आणि एमिली व ॲन या धाकट्या दोघींनी ‘गोंडाल’ नावाचे आपले निराळे राज्य काढले. एकत्र रचलेल्या जगात ज्याचा आवाज मोठा त्याचेच चालू लागले, की ज्यांचे चालत नाही ते मुकाट्याने आपली वही वेगळी करतात. म्हणूनच आमच्या वहीच्या पहिल्याच पानावर नियम आहे: दुसऱ्याचे पात्र त्याच्या संमतीशिवाय हलवायचे नाही, बोलवायचे नाही आणि मारायचे तर मुळीच नाही.

येथवर सारे सोपे होते. खरा प्रश्न निघाला तो राक्षसांचा.

पहिल्या बैठकीत एका मित्राने कच्चा आराखडा वाचून दाखवला. गडावर गोऱ्या वर्णाचे, शुद्ध भाषा बोलणारे राजपुत्र. खाली घनदाट अरण्यात काळे, अर्धनग्न, ढोल बडवणारे, अडाणी बोली बोलणारे राक्षस. आणि राजपुत्रांनी अरण्य जिंकायचे. आराखडा ऐकताना कोणालाही काही खटकले नाही, कारण अशा गोष्टी आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. मोखाड्याचा मित्र तेवढा शांतपणे म्हणाला, “यातले राक्षस आमच्या पाड्यावरचे दिसतात.” क्षणभर कोणी काही बोलले नाही. नंतर एकाने विचारले, “मग राक्षस कोण होणार?”

वाचकहो, हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. कल्पना म्हणजे मोकळे आकाश, असे आपण म्हणतो. परंतु त्या आकाशात आपण जे उभारतो ते बहुधा खालच्याच गावाचे चित्र असते. गावात जो वर, तो गोष्टीतही वर. गावात ज्याच्या बोलीला हसतात, त्याची बोली गोष्टीत राक्षसाच्या तोंडी. आणि गोष्ट एकटा लिहितो तेव्हा हे त्याच्या लक्षात आणून देणारा कोणी शेजारी नसतो. एकत्र बसून गोष्ट ठरवण्याचे मोल नेमके येथे आहे. ज्याचे चित्र चुकीचे काढले जात आहे, तो त्याच बाकावर बसलेला असतो आणि त्याच्याही हातात लेखणी असते.

या प्रश्नाचे उत्तर त्या मित्रानेच दिले, आणि तेही आपल्या जिल्ह्यातूनच. जव्हार-मोखाडा भागात बोहाडा होतो. कित्येक रात्री चालणाऱ्या या उत्सवात गावातील निरनिराळ्या समाजांची माणसे देवांचे आणि दैत्यांचे मुखवटे लावून, संबळ आणि पिपाणीच्या तालावर नाचत येतात. मुखवटे पूर्वी लाकडाचे असत, आता बहुधा कागदाच्या लगद्याचे असतात. गणपती येतो, शारदा येते, रावण येतो आणि अखेरीस देवी व महिषासुर यांचे युद्ध होते. अनेक गावांत एकेक सोंग एकेका घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. त्यात देवांची सोंगे आहेत तशी दैत्यांचीही आहेत. दैत्याच्या मुखवट्यालाही मान असतो, आणि दैत्याचे सोंग घेणारा उत्सव संपल्यावर दैत्य राहत नाही. सकाळी तो इतरांसारखाच शेतावर जातो. मला यातील मर्म असे वाटते की, तेथे दैत्य ही जात नाही, ते एक सोंग आहे. ते कोणीतरी मानाने घ्यायचे असते आणि मानानेच उतरवून ठेवायचे असते.

म्हणून आम्ही राक्षसांची जात काढून टाकली. सहाही पात्रे एकाच प्रदेशातील आहेत आणि प्रत्येकाने आयुष्यात एकदा राक्षसाचा मुखवटा घालायचाच, असा त्या प्रदेशाचा रिवाज ठरला. भाषेबाबतही तसेच. गडावरील लोकांनी प्रमाण मराठी बोलायची आणि रानातील लोकांनी बोली, हा भेद आम्ही मोडला. ज्याच्या घरी वाडवळी बोलतात त्याची राणी वाडवळी बोलते; वारली बोलणाऱ्याचा प्रधान वारलीत निवाडा देतो. काही शब्द अडतात. अडले की विचारतो. एकमेकांच्या घरची भाषा या निमित्ताने आम्ही तीन वर्षांत पहिल्यांदा विचारली, हेही नमूद केले पाहिजे.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते. ‘आपल्या भोवती एवढे खरे प्रश्न असताना खोट्या प्रदेशांत रमणे म्हणजे पळवाट नव्हे काय?’ मी म्हणतो, ती पळवाट करायची की पायवाट, हे लिहिणाऱ्यावर आहे. तारापूरच्या किनाऱ्यावर 1969 साली देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले; पुढे तिसऱ्या आणि चौथ्या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे आपल्या जागेवरून उठली. याविषयी निबंध लिहायचा म्हटला की आपण दोन ठरीव परिच्छेद लिहितो. एक देशाच्या प्रगतीचा आणि एक विस्थापितांच्या दुःखाचा. आमच्या वहीत किनाऱ्याकडच्या मैत्रिणीने लिहिले की, समुद्रकाठी एक न विझणारा अग्नी आहे, त्याच्या उजेडात सारा प्रदेश वाचतो-लिहितो, आणि ज्या गावाच्या जागेवर तो पेटला त्या गावाची माणसे अजून आपल्या विहिरीची चव सांगतात. सूत्रधाराला तो अग्नी विझवून टाकणे सहज शक्य होते. तिने त्याला विझवू दिले नाही. “मग रात्री अभ्यास कशाच्या उजेडात करायचा?” असे तिचे पात्र विचारते. दोन्ही बाजू एकाच वेळी मनात धरणे मला कोणत्याही निबंधात जमले नव्हते. ते त्या अग्नीपाशी जमले.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. आपल्या वाङ्मय मंडळाने कथास्पर्धेत वैयक्तिक कथांबरोबर सामूहिक कथेलाही स्थान द्यावे. अट एवढीच ठेवावी की लिहिणारे वेगवेगळ्या गावांचे आणि वेगवेगळी घरभाषा बोलणारे असावेत, आणि कथेसोबत त्यांनी आधी काय ठरवले त्या पानांचीही प्रत जोडावी. परीक्षकांनी कथेइतकेच त्या पानांनाही गुण द्यावेत. कारण कथा कदाचित कच्ची असेल, परंतु कोणी कोणाचे ऐकले हे त्या पानांवरून कळेल.

आणि ज्यांना हे करून पाहायचे आहे त्यांना एकच सांगणे. नायक कोण होणार, हे ठरवायला वेळ लागत नाही; ती जागा घ्यायला सगळेच पुढे होतात. तुमच्या पहिल्या बैठकीत आधी राक्षस कोण होणार ते विचारा. उत्तर म्हणून सगळ्यांची बोटे एकाच दिशेला वळली, तर गोष्ट तेथेच थांबवा आणि प्रदेश पुन्हा पहिल्यापासून आखा.

— तृतीय वर्ष, कला