केवलारचे श्रेय

वजनाच्या मानाने पोलादापेक्षा पाचपट बळकट आणि ज्वाळेत न वितळणारा धागा म्हणून ‘केवलार’ची ख्याती झाली आहे. त्याची जन्मकथाही तितकीच लोकप्रिय आहे. अमेरिकेतील विल्मिंग्टन येथे ड्यू पॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टेफनी क्वोलेक या संशोधिका मोटारीच्या टायरसाठी हलका व मजबूत तंतू शोधीत होत्या. १९६५ च्या सुमारास त्यांच्या हाती आले ते नेहमीचे दाट, स्वच्छ द्रावण नव्हे, तर ताकासारखे पातळ व गढूळ. तंतू काढण्याचे यंत्र सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने ते घेण्यास नकार दिला. गढूळपणा म्हणजे कण, आणि कणांनी चकतीची सूक्ष्म छिद्रे बुजणार, ही त्याची शंका अनुभवाला धरूनच होती. क्वोलेकबाईंनी हेका सोडला नाही. अखेर धागा निघाला, आणि तो सहजी तुटेना.

गढूळपणा कणांचा नव्हताच. नायलॉनचे रेणू उकडलेल्या शेवयांसारखे गुंतलेले असतात. हे रेणू काठ्यांसारखे ताठ, आणि नदीत सोडलेल्या ओंडक्यांप्रमाणे द्रावणातच एका दिशेने रांगा धरणारे. धाग्याचे बळ त्या रांगांत आहे.

येथेच कथा संपविण्याची रीत पडली आहे, आणि ती अन्यायकारक आहे. काचपात्रातील धागा म्हणजे कारखान्यातील धागा नव्हे. नायलॉन वितळवून छिद्रांतून ओढता येतो. केवलार मात्र वितळण्यापूर्वीच विघटित होतो. आगीपुढे जो गुण, तोच कारखानदाराच्या वाटेतील धोंडा! नेहमीचे द्रावकही त्याच्यापुढे हात टेकतात. उपयोगी पडते ते तीव्र सल्फ्युरिक आम्ल. हर्बर्ट ब्लेड्स यांनी १९७० मध्ये या आम्लातील द्रावण तापवून छिद्रांतून प्रथम हवेच्या अरुंद पट्ट्यात आणि मग थंड पाण्यात सोडण्याची युक्ती काढली. त्या हवेतल्या ओढीने रेणू अधिक सरळ झाले आणि धाग्याचे बळ लक्षणीय वाढले. ब्लेड्स यांचे नाव किती जणांस ठाऊक आहे?

याहून कमी सांगितली जाते ती द्रावकाची गोष्ट. बहुवारिक तयार करताना प्रारंभी हेक्झामिथिल फॉस्फोरामाइड वापरीत. त्याची वाफ हुंगणाऱ्या उंदरांच्या नाकात कर्करोगाच्या गाठी आढळल्याचे १९७५ मध्ये जाहीर झाले. माणसाचा जीव वाचविणाऱ्या धाग्याच्या निर्मितीत कामगाराचा जीव धोक्यात, असा हा पेच होता. हे वृत्त खुद्द ड्यू पॉन्टच्या प्रयोगशाळेने प्रसिद्ध केले, याचे श्रेय त्या कंपनीस दिलेच पाहिजे. पुढे मिथिल पायरोलिडोन व कॅल्शियम क्लोराइड यांची जोडी पुढे आली. परंतु तिचे पेटंट हॉलंडच्या आक्झो कंपनीकडे, तर आम्लातून तंतू काढण्याच्या ब्लेड्स यांच्या पद्धतीचे ड्यू पॉन्टकडे. दोन्ही बाजूंनी अनेक वर्षे न्यायालये झिजविल्यावर १९८८ मध्ये तडजोड झाली. वास्तविक एकीला दुसरीवाचून गत्यंतर नव्हते, हे पहिल्या दिवसापासून उघड होते. आणि नवा द्रावकही निरपराध ठरला नाही: गर्भाला अपाय करणारा म्हणून युरोपीय संघाने २०२० पासून त्याच्या वापरावर कडक मर्यादा घातल्या आहेत.

क्वोलेकबाईंची थोरवी याने उणावत नाही. २०१४ साली त्या वारल्या. आपल्या शोधाच्या पेटंटचे हक्क त्यांनी कंपनीच्या स्वाधीन केले होते. प्रश्न आहे तो हा वृत्तांत विद्यार्थ्यांपुढे कसा मांडावा, याचा. आजवर तो एका भाग्यवान दुपारची गोष्ट म्हणूनच येत आला आहे. रसायनशास्त्राच्या पुस्तकात त्या गढूळ द्रावणाला एक परिच्छेद मिळत असेल, तर आम्लाच्या टाकीला, हवेच्या त्या पट्ट्याला आणि १९७५ च्या उंदरांना दुसरा परिच्छेद मिळावयास हवा. आणि परीक्षेतील प्रश्न या दुसऱ्यावर यावा.