मुलीच्या नांवावर पहिला हक्क कोणाचा?

घरांत मुलगी जन्मली कीं बारशापूर्वींच तंटा माजतो. आई एक नांव सुचविते. बाप म्हणतो, पंचांगांतलेंच अक्षर हवें. आर्वी-हिंगणघाटाकडील खेड्यांत अखेर कोणाचें चालतें, हें आम्हीं सांगावयास नको. जिनें नऊ महिने ओझें वाहिलें, तिचाच शब्द आधीं गळतो!

आमचें म्हणणें रोखठोक आहे: पहिला शब्द आईचा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळेच्या कागदांवर मुलाचें नांव, मग आईचें, मग बापाचें, असा महाराष्ट्र सरकारचा नियम आहे. कागदावर आई बापाच्या पुढें आणि पाळण्यापाशीं मुकी, हा कोठला न्याय?

अक्षर शास्त्राचें म्हणतां? मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत शूद्राचें नांव निंदास्पद असावें, असेंहि शास्त्र आहे. तें पाळाल काय?

बाईचें मत डावलल्यावर काय होतें तें पाहा. सातारा जिल्ह्यांत ‘नकुशा’ नांवाच्या दोनशेंहून अधिक मुली निघाल्या. मुलगाच हवा, या हट्टाचें तें नांव! २०११ सालीं जिल्हा परिषदेनें समारंभ करून त्यांस नवीं नांवें दिलीं. तोंवर त्या पोरींनीं शाळेंत रोज हजेरीला ‘नको’ हेंच ऐकलें.

घाई कसली? जन्माची नोंद २१ दिवसांत करा; नांव वर्षभर विनामूल्य नोंदवितां येतें. तोंवर दोघें बसून बोला. नांव पटावर चढवितांना आम्ही मास्तर लोक एवढेंच विचारूं: हें मुलीच्या आईला पसंत आहे ना?