स्टिअरिंग जड का झाले?

लक्ष्मीपुरीतील धान्याच्या पेढीवर बसणाऱ्या एका वयोवृद्ध व्यापाऱ्याने गेल्या पावसाळ्यात आपली जुनी मोटार चालविणे एकाएकी बंद केले. घरातील सर्वजण त्यांना अण्णा म्हणतात. बाहुबलीची यात्रा असो वा गगनबावड्याच्या वाटेने कोकणात उतरणे असो, अठरा वर्षे या गाडीच्या चाकामागे तेच बसत आले होते. "वय झाले, हातांत बळ उरले नाही," एवढेच ते सांगत. पेढीमागच्या अरुंद बोळात गाडी वळविताना दंड भरून येतात, हे मात्र त्यांनी कोणाला कळू दिले नव्हते.

एके दिवशी धाकट्या मुलाने ती गाडी त्याच बोळात वळविली आणि त्याचेही मनगट दुखले. दोष हातांचा नसून यंत्राचा असावा, ही शंका तेव्हा प्रथम आली. एका गॅरेजमध्ये गाडी उभ्या उभ्या पाहून उत्तर मिळाले, की रॅक गेला, पूर्ण संच बदलावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून घरात गाडी विकण्याची भाषा सुरू झाली. अण्णांनी एकच प्रश्न विचारला, "त्यांनी तपासले काय काय?"

प्रश्न व्यापाऱ्याचा होता आणि योग्य होता. तेरीज जुळली नाही म्हणजे मुनीम नवी वही आणीत नाही. तो रोजकीर्दीपासून एकेक रक्कम ताडून पाहतो. शिवाजी उद्यमनगरातील एका जुन्या मिस्त्रींनी नेमके हेच केले.

जुन्या मोटारींतील पॉवर स्टिअरिंग तेलाच्या दाबावर चालते. इंजिनच्या पट्ट्याने फिरणारा पंप तेलाला दाब देतो. स्टिअरिंग फिरविले, की एक झडप ते तेल रॅकच्या योग्य बाजूला सोडते आणि चाके वळविण्याचा बराचसा भार तेल उचलते. अमेरिकन अभियंता फ्रान्सिस डेव्हिस याने अशी यंत्रणा 1926 मध्ये मोटारीवर बसवून दाखविली. क्रायस्लर कंपनीच्या मोटारींतून ती सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली 1951 मध्ये. गाडी जागेवर उभी असताना चाके वळविण्यास सर्वांत अधिक जोर लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी इंजिनबरोबर पंपही मंद फिरत असतो. म्हणून यंत्रणेतील दुबळेपणा रस्त्यावर जाणवत नाही. तो बोळात उघडा पडतो.

मिस्त्रींनी आरंभ केला तो बिनखर्चाच्या गोष्टींपासून. पुढच्या दोन्ही टायरांत हवा कमी होती. ती भरल्यावर थोडा फरक पडला, पण जडपणा गेला नाही. मग इंजिन बंद ठेवून गाडीचा पुढचा भाग जॅकवर उचलला आणि चाके अधांतरी असताना स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरविले. ते न अडकता फिरले. अशा वेळी ते अडकत फिरले असते, तर बॉल जॉइंट, स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा किंवा सस्पेन्शनचे बेअरिंग यांच्याकडे पाहावे लागले असते. तेलाचा प्रश्नच उद्भवला नसता.

पुढे तेलाची टाकी उघडली. तेल खुणेच्या खाली आणि काळपट झाले होते. फेस मात्र नव्हता. फेस असता, तर आत हवा शिरल्याचे कळले असते. नळ्या आणि रॅकच्या रबरी आवरणाशी ओल आहे का, हेही पाहिले. एका नळीचा सांधा किंचित पाझरत होता.

त्यानंतर इंजिन सुरू करून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरविले. दोन्हीकडे जडपणा सारखाच होता. एकाच बाजूला जड लागले असते, तर संशय रॅकच्या सीलवर वा झडपेवर गेला असता. टोकाला नेताच इंजिनमधून किंचाळल्यासारखा आवाज आला. मिस्त्रींनी बॅटरीच्या उजेडात पाहिले: पट्टा चकचकीत झाला होता आणि पंपाच्या पुलीवर घसरत होता.

"अण्णा, तुमच्या हाताचा दोष न्हाई," ते म्हणाले, "पट्टा सैल हाय."

तरीही त्यांनी अनुमानावर विश्वास ठेवला नाही. नवा पट्टा बसविला. तो अति ताणला तर पंपाचे बेअरिंग जाते, म्हणून बेताने ताणला. पाझरणारा सांधा दुरुस्त केला आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल भरले. येथे अनेकांची चूक होते. हाताशी आहे म्हणून ब्रेकचे तेल ओतले, तर रबरी सील खराब होतात आणि स्वस्त दुरुस्ती महाग पडते. चाके अधांतरी ठेवून, इंजिन बंद असताना स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत अनेकदा फिरवून आतली हवा बाहेर काढली. अखेरीस दाबनळीवर मापक जोडून पंपाचा दाब मोजला. मापकाची झडप पाच सेकंदांपेक्षा अधिक बंद ठेवायची नसते. दाब पुस्तिकेप्रमाणे भरला. पंप धडधाकट होता आणि स्टिअरिंग हलके झाले होते. दाब भरूनही जडपणा उरला असता, तरच रॅककडे जावे लागले असते.

अलीकडच्या बहुतेक गाड्यांत हे काम विजेची मोटर करते. तेथे तेल आणि पट्टा नसतो. स्टिअरिंग जड झाले, तर डॅशबोर्डवरील दिवा, बॅटरी आणि चार्जिंग आधी तपासावे. कोणत्याही गाडीत स्टिअरिंग अचानक जड झाले वा घाटात अडखळू लागले, तर गाडी बाजूला घेऊन थांबावे. अशा गाडीने घाट उतरणे धोक्याचे असते.

मिस्त्रींचे बिल रॅकच्या किमतीच्या मानाने किरकोळ निघाले. घरी परतताना मुलगा चालकाच्या जागेकडे वळला, तोच अण्णांनी हात पुढे करून किल्ली मागितली. पेढीमागच्या बोळात त्यांनी गाडी एका दमात वळविली आणि नेहमीच्या जागी लावली. कोणी काही बोलले नाही. रात्री जेवताना मात्र त्यांनी स्वतःच विषय काढला, की रविवारी बाहुबलीला निघायचे असेल, तर सकाळी सहाला सर्वांनी तयार असावे.