ठासणीचे पिस्तूल आणि विस्मृत लोहार

चिंचवडच्या चापेकर बंधूंच्या गोळ्यांनी २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड हादरली. त्या वीरांचे स्मरण होते. शस्त्रे घडविणारा लोहार मात्र विस्मृतीत गेला. १८७८च्या शस्त्र कायद्याने परवान्याविना शस्त्र बाळगणेच नव्हे, घडविणेही गुन्हा ठरविले. तापलेली लोखंडी पट्टी गजाभोवती वळवून नळी जोडणारे, कुंदा तासून चाप बसविणारे हात रिकामे झाले. आज ठासणीचे पिस्तूल संग्रहालयात काचेआड आहे. ते घडविण्याची विद्या काचेआड टिकत नाही. चिंचवडच्याच समरसता गुरुकुलमात भटक्या-विमुक्तांची मुले पारंपरिक कला शिकतात. तेथे कायद्याच्या चौकटीत, बार न उडणाऱ्या प्रतिकृती घडवाव्यात. शस्त्रासाठी नव्हे, कारागिराच्या ऋणातून अंशतः मुक्त होण्यासाठी!